काडतुसांची सरकारी नोंद : परवानाधारकाने कशाची काळजी करावी

जिंतूर तालुक्यातील एका शेतकरी बंधूंनी प्रश्न विचारला आहे. त्यांच्याकडे १२ बोअरची (बोअर म्हणजे नळीचे माप) दुनळी बंदूक असून वडिलांच्या निधनानंतर तिचा परवाना रीतसर त्यांच्या नावे झाला आहे. परवाना नूतनीकरणाच्या वेळी पोलीस ठाण्यातून त्यांना विचारणा झाली, की मागील दोन वर्षांत घेतलेली काडतुसे कोठे वापरली आणि शिल्लक किती आहेत, हे लेखी द्यावे. दुकानात प्रत्येक खरेदीला युआयएन (परवानाधारकाचा राष्ट्रीय नोंदीतील) क्रमांक, आधारची झेरॉक्स आणि सही द्यावी लागते, हे त्यांना आधीपासूनच खटकत होते. आता त्यांचे म्हणणे असे, की चोराची चौकशी होत नाही आणि कायदा पाळणाऱ्याची मात्र काडतुसे मोजली जातात. ही पाळतच नव्हे काय, आणि उद्या याच यादीवरून आमच्या बंदुका काढून घेतल्या तर काय करायचे? अमेरिकेत लोक अशा नोंदींविरुद्ध न्यायालयात जातात, मग आपण का जाऊ नये, असेही त्यांनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी एक गोष्ट जाता जाता लिहिली आहे : वडिलांच्या जुन्या ट्रंकेत ११ काडतुसे सापडली असून त्यांची नोंद कोठेच नाही.

मी स्वतः परवानाधारक शस्त्रविक्रेता आहे. वडिलांनी सुरू केलेले दुकान गेली २९ वर्षे मी पाहतो, त्यामुळे या प्रश्नाची विक्रेत्याची बाजू मला ठाऊक आहे आणि ग्राहकांच्या तक्रारी तर रोजच्याच आहेत. माझे मत आधीच सांगतो. काडतुसांची नोंद ठेवणे योग्य आहे आणि बहुतेक वेळा ती परवानाधारकाच्याच उपयोगी पडते. मात्र ती नोंद आपल्याला पाहता येत नाही, तीत चूक झाली तर निस्तरण्याचे ओझे आपल्यावरच येते, आणि ती नको त्या हाती पडली तर धोका आपल्याच घराला असतो. तक्रार करायची तर या तीन गोष्टींची करावी.

आपल्याकडील बहुतेक लोकांचा असा समज असतो, की परवाना बंदुकीचा असतो आणि काडतुसे हा नंतरचा बाजारहाट. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये असे नाही. त्या कायद्याचे कलम ३ अग्निशस्त्राला आणि दारूगोळ्याला एकाच वाक्यात बांधते. दोन्ही जवळ बाळगायला परवाना लागतो. म्हणूनच परवान्यावर काडतुसांचे दोन आकडे असतात : एका वेळी जवळ किती ठेवता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील. समजा, आपल्या परवान्यावर २५ आणि ५० असे आकडे आहेत. म्हणजे वर्षात ५० घेण्याची मुभा असली, तरी घरात २० शिल्लक असताना आपण दुकानात आलात, तर मी पाचच देऊ शकतो. हे गणित नोंदीवाचून होणारच नाही. विनापरवाना दारूगोळा बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने वाढून किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे झाली आहे. अशा कायद्यात, मी घेतलेली काडतुसे कायदेशीर आहेत, हे सांगणारा कागद परवानाधारकाजवळ असणे हीच त्याची ढाल आहे.

दुकानात काय होते, तेही सांगतो, कारण ‘ऑनलाईन नोंद’ या शब्दाने लोक उगाच बिचकतात. ग्राहक परवाना समोर ठेवतो. मी आधी मुदत पाहतो, मग युआयएन, म्हणजे राष्ट्रीय शस्त्रपरवाना माहितीसंचातील त्याचा एकमेव क्रमांक, मग परवान्यावरचा बोअर, आणि शेवटी मागच्या पानावरची आधीची खरेदी. डबा उघडून काडतुसे त्याच्यासमोर मोजतो. खडकीच्या कारखान्याच्या काडतुसाच्या पितळी बुडावर ‘केएफ’ अशी खूण असते आणि डब्यावर लॉट क्रमांक असतो. प्रकार, संख्या, लॉट आणि तारीख आमच्या नोंदवहीत चढते, ग्राहकाची सही होते, आणि त्याच्या परवान्यावर संख्या लिहून शिक्का मारला जातो. विक्री आणि शिल्लक साठ्याचे विवरण आम्हाला ठरावीक काळाने प्रशासनाकडे पाठवावे लागते, आणि अधिकारी दुकानात येऊन नोंदवही व साठा ताडून पाहतात. एकेका काडतुसावर वेगळा क्रमांक नसतो. त्यामुळे एखादे काडतूस कोठे सापडले, तर केवळ त्यावरून ते कोणी विकत घेतले हे ठरत नाही. डब्यावरचा लॉट क्रमांक मिळाला, तरी त्यावरून फार तर कारखाना आणि काही दुकाने कळतात.

मग ही मोजणी कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. गुन्ह्यात वापरली जाणारी बहुतेक शस्त्रे परवान्याची नसतात, गावठी कट्टेच असतात, हे आमच्या धंद्यातील प्रत्येकाला माहीत आहे, आणि आपल्या तक्रारीत तेवढा भाग खरा आहे. परंतु कट्टा एखाद्या भट्टीवर लोखंडी नळी ठोकून बनवता येतो. काडतूस तसे बनत नाही. त्याला ठिणगी देणारी नेमकी टोपी लागते, मोजून भरलेली दारू लागते, बोअरला बसणारे आवरण लागते. त्यामुळे कट्टेवाल्याला कारखान्याचेच काडतूस हवे असते, आणि ते त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा एक मार्ग परवानाधारकाच्या हातून जातो. कोणी पैशासाठी देतो, कोणी भिडेखातर. ‘माझ्याकडची दहा पडूनच आहेत, घेऊन जा,’ असे म्हणणारा माणूस गुन्हेगार नसतो, पण त्याने दिलेली दहा काडतुसे पुढे कोठे जातील, हे त्याच्या हातात राहत नाही. घेणाऱ्याकडे परवाना असला, तरी असे परस्पर देणेघेणे कायद्यात बसत नाही. आणि परवाना नसलेल्याला दिले, तर देणाराही कलम २९ खाली आरोपी होतो. भिडेने दिलेल्या काडतुसांपायी भल्या घरची माणसे कोर्टाच्या पायऱ्या चढताना मी पाहिली आहेत. म्हणून हे कळकळीने लिहितो.

पोलीस ठाण्याच्या प्रश्नाकडे वळू. ‘कोठे वापरली’ हा प्रश्न अपमानाचा वाटतो, पण त्याचे सरळ उत्तर देता येणे आपल्याच हिताचे आहे. आपल्या भागात बंदुकीचा खरा उपयोग पिकाच्या राखणीसाठी होतो. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) उभा हरभरा किंवा मका एका रात्रीत कसा लोळवतात, हे मी वेगळे सांगायला नको. पण हवेत बार काढून जनावर पिटाळणे वेगळे आणि जनावर मारणे वेगळे. मारायचे तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली वन विभागाची परवानगी लागते. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही यांच्या बाबतीत अशी परवानगी देण्याची तरतूद आहे, परंतु ती अर्ज करून, लेखी घ्यायची असते. काळविटाच्या वाटेला तर कधीच जाऊ नये. त्याला कायद्याने सर्वोच्च संरक्षण आहे. तेव्हा उत्तर लिहिताना ‘शेतात वापरली’ एवढेच मोघम लिहू नका. ‘अमुक महिन्यात, अमुक गटातील पिकावर रात्री रानडुकरे आल्याने ती पळवण्यासाठी हवेत तीन बार काढले’ असे लिहा, आणि वन विभागाची परवानगी असेल तर तिची प्रत जोडा. लग्नाच्या वरातीत बार काढले असतील, तर तो रिवाज नसून गुन्हा आहे, हे आता तरी सर्वांनी समजून घ्यावे. जिवाला धोका होईल अशा रीतीने आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

यासाठी मी प्रत्येक ग्राहकाला एक साधी शंभरपानी वही करायला सांगतो. आत तारीख, घेतली किती, वापरली किती, कारण आणि शिल्लक एवढेच रकाने. वापरलेली रिकामी काडतुसे शेतात टाकून देऊ नयेत. डब्यात जमा करावीत. बार उडाल्यावर टोपीवर घोड्याच्या सुईची जी खूण उमटते, तिच्यावरून ते काडतूस कोणत्या बंदुकीतून उडाले, हे न्यायवैद्यक तज्ज्ञ सांगू शकतात. म्हणजे बांधावर पडलेले आपले रिकामे काडतूस कोणी उचलून भलत्या ठिकाणी टाकले, तर उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल. वही आणि डबा जुळत असले, की ठाण्यातील चौकशी पंधरा मिनिटांत संपते, असा माझा अनुभव आहे.

आता नोंदीतील चुकांविषयी लिहितो, कारण खरे दुःख तेथे आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याच दुकानात एक चूक झाली. गर्दीच्या दिवशी एका ग्राहकाला २० काडतुसे दिली, नोंदवहीत लिहिली, त्याची सही घेतली, पण परवान्यावर चढवायची राहून गेली. पुढे नूतनीकरणाच्या वेळी कार्यालयात आमचे विवरण २० सांगत होते आणि त्याचा परवाना कोरा होता. त्या सज्जन माणसावर काडतुसे लपवल्याचा संशय आला. मी नोंदवही घेऊन गेलो, चूक लेखी मान्य केली, तरी प्रकरण मिटायला सात महिने गेले आणि त्या काळात त्याची बंदूक ठाण्यात जमा राहिली. त्या सात महिन्यांत त्याने मला एक शब्द वाकडा बोलला नाही, आणि ते मला आजही बोचते. तेव्हापासून परवान्यावर शिक्का उमटल्याशिवाय काडतुसे ग्राहकाच्या हाती द्यायची नाहीत, हा दुकानाचा नियम झाला. आपणही दुकान सोडण्याआधी ते पान उघडून पाहावे, संख्या वाचावी आणि मोबाईलवर फोटो घ्यावा. पावती तर घ्यावीच.

दुसरी ठरलेली चूक निवडणुकीच्या काळात होते. आचारसंहिता लागली की शस्त्रे जमा करण्याच्या नोटिसा निघतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करायची नाहीत, तर छाननी समितीने प्रकरणे तपासून ठरवायचे, अशी पद्धत आहे. परंतु नोटीस आलीच, तर जमा करावे लागते, आणि त्या वेळी मिळणाऱ्या पावतीवर बंदुकीचा क्रमांक असतो, काडतुसांची संख्या पुष्कळदा नसते. माझ्या एका ग्राहकाने १४ काडतुसे जमा केली होती. परत घेताना नऊ मिळाली, आणि पावतीवर केवळ ‘बंदूक व काडतुसे’ असे लिहिलेले होते. पाच काडतुसांची किंमत फार नव्हती. पण कागदावर ती पाच त्याच्याकडे होती आणि घरात नव्हती. म्हणून पावतीवर बोअर आणि संख्या अक्षरी लिहून घ्या, आणि लिहीत नसतील तर नम्रपणे तेथेच थांबा.

यादीवरून बंदुका काढून घेतील, ही भीती मराठवाड्यात नवी नाही. हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या वर्षांत रझाकारांचा उच्छाद ज्यांनी पाहिला, त्या पिढीला घरात ठासणीची का होईना, बंदूक असणे म्हणजे काय हे ठाऊक होते, आणि सरकारदरबारी नाव लागलेले हत्यार केव्हाही जाऊ शकते, ही धास्तीही त्याच पिढीने पुढे दिली. अलीकडे डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली, त्यानंतर त्या जिल्ह्यातील बाराशेहून अधिक शस्त्रपरवान्यांचा विषय राज्यभर गाजला, फेरतपासणी झाली आणि बरेच परवाने रद्द झाले. तेव्हा शेजारच्या जिल्ह्यांतील माझ्या ग्राहकांचेही फोन येऊ लागले. मी सर्वांना सांगितले तेच येथे लिहितो : गुन्हे दाखल असलेल्या आणि कमरेला पिस्तूल लावून समाजमाध्यमांवर मिरवणाऱ्या माणसांकडे परवाने असणे हे आपल्यासारख्यांच्या परवान्यालाच घातक होते. त्यांची तपासणी झाली, यात मला काही गैर वाटत नाही.

मात्र परवाना रद्द करणे ही मर्जीची गोष्ट नाही. कलम १७ मध्ये कारणे ठरवून दिली आहेत, आदेश लेखी आणि सकारण असावा लागतो, आणि त्यावर कलम १८ खाली अपील करता येते. तेथेही दाद लागली नाही, तर आपल्याला छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ आहे. काडतुसे नियमाप्रमाणे घेतली, हे रद्द करण्याचे कारण होऊच शकत नाही. परवान्याच्या अटी मोडणे मात्र होते. २०१९ मध्ये एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून कमी करण्यात आली, तेव्हा मूळ विधेयकात ती एकच प्रस्तावित होती. परवानाधारकांनी आणि नेमबाजांनी हरकती घेतल्या, आणि अखेर ती दोन झाली. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. रीतसर म्हणणे मांडले, तर ते ऐकले जाते, याचे हे उदाहरण आहे.

अमेरिकेची तुलना करताना पाया वेगळा आहे, हे ध्यानात घ्यावे. तेथे शस्त्र बाळगणे हा राज्यघटनेने दिलेला हक्क आहे. आपल्याकडे ती कायद्याने दिलेली परवानगी आहे. तेथेही १९६८ च्या कायद्याने दुकानदारांना काडतूस विक्रीची नोंद ठेवावी लागत असे, १९८६ च्या नव्या कायद्याने ती सक्ती बहुतांशी उठवली, आणि बंदूकमालकांची केंद्रीय नोंदणी करण्यास त्याच कायद्याने मनाई केली. कॅलिफोर्नियाने मात्र जुलै २०१९ पासून प्रत्येक काडतूस खरेदीला पार्श्वभूमी तपासणी लावली, आणि ती आजवर न्यायालयात वादात आहे. तेथील लोकांच्या युक्तिवादांपैकी हक्काचा भाग आपल्या उपयोगाचा नाही. गोपनीयतेचा भाग आहे. जून २०२२ मध्ये त्याच कॅलिफोर्नियाच्या सरकारी संकेतस्थळावरून शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केलेल्या लाखाहून अधिक लोकांची नावे व पत्ते चुकून उघड झाले. सरकारचा हेतू वाईट नव्हता. पण ज्याच्या घरी पिस्तूल आहे, त्याचा पत्ता चोराला मिळाला, की त्या हेतूचा उपयोग काय?

आपल्याकडे हाच विचार हवा. परवानाधारकांच्या याद्या ठाणे, तहसील, जिल्हाधिकारी कार्यालय अशा अनेक टेबलांवरून फिरतात, आणि व्हॉट्सॲपवर पुढे सरकायला एक बोट पुरते. आपल्या शेतवस्तीवरचे घर, दिवसभर माणसे रानात, आणि कपाटात दुनळी : ही माहिती कोणाच्या हाती जाऊ नये, हे सांगायला कायदेपंडित लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि सरकारने त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि हेतूच्या प्रमाणात उपाय हवा, असे सांगितले. काडतुसांच्या नोंदीला कायद्याचा आधार आहे आणि हेतूही योग्य आहे. पण ती नोंद कोणकोणत्या कर्मचाऱ्याने पाहायची आणि किती वर्षे ठेवायची, हे स्पष्ट असले पाहिजे, आणि बँकेच्या पासबुकासारखी परवानाधारकाला आपली स्वतःची नोंद पाहता आली पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. माझ्या ग्राहकांनी निवेदन द्यायचे तर या मागणीचे द्यावे. मी त्यावर पहिली सही करीन. तोवर माहिती अधिकाराखाली स्वतःच्या परवान्याच्या नोंदीची प्रत मागता येते, ती मागावी. दुकानात आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवे ‘काडतूस खरेदीसाठी’ असे लिहून तारीख टाकावी. आणि बंदुकीसह स्वतःचा फोटो स्टेटसला ठेवू नये, कारण मग गोपनीयतेची तक्रार करायला तोंड उरत नाही.

शेवटी आपल्या ट्रंकेतील ११ काडतुसे. आपण ती एका ओळीत लिहिली आहेत, पण साऱ्या पत्रात तातडीची बाब तीच आहे. बोअर तोच असला, तरी ती आपल्या साठ्यात मिसळू नका. वडिलांच्या पश्चात नोंद नसलेला दारूगोळा विलंब न लावता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा, असे कलम २१ सांगते. जुनी काडतुसे, विशेषतः कागदी आवरणाची, ओल लागून फुगतात. ती नळीत अडकतात, आणि काही वेळा बार होतच नाही किंवा क्षणभर उशिरा होतो, आणि तो क्षण हात किंवा डोळा घेऊन जातो. त्यामुळे चालतात का पाहू म्हणून उडवू नका, उन्हात वाळवू नका, फोडून छर्रे काढू नका. पितळावर हिरवट थर चढला असेल, तर घासूही नका. एका खोक्यात कापडात गुंडाळून ठेवा, परस्पर घेऊन निघू नका. आधी ठाण्याला एक साधा अर्ज द्या, की वडिलांच्या ट्रंकेत अमुक तारखेला १२ बोअरची ११ जुनी काडतुसे सापडली असून ती जमा करायची आहेत. सोबत वडिलांचा मृत्यू दाखला, त्यांच्या जुन्या परवान्याची प्रत आणि आपला परवाना जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नूतनीकरणासाठी मागितलेला हिशेब त्यानंतर, त्याच पोचेचा उल्लेख करून द्या, म्हणजे दोन्ही कागदांतील आकडे एकमेकांशी जुळतील. जमा करताना पावतीवर ‘अकरा’ हा शब्द अक्षरी लिहिला आहे, हे पाहूनच ठाण्यातून निघा.